दोन मिलिमीटर तार

तारेचं टोक गालात शिरतं तेव्हा बाहेर आलेली तार दोन मिलिमीटरसुद्धा नसते. जिभेला मात्र ती बाभळीच्या काट्याएवढी लागते. माझ्या मुलीला ती पहिल्यांदा टोचली तान्ह्या पोळ्याच्या सकाळी. दुपारपर्यंत गालाच्या आत पांढरा चट्टा पडला आणि संध्याकाळी ती वरणभातसुद्धा एका बाजूने गिळू लागली. आम्ही आर्वीला, दवाखाना वर्धेला, तारेचे डॉक्टर नागपूरहून महिन्यातले दोनच दिवस येणारे, त्यात सण. दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजेचा अर्ज पाठवला, मुलीची शाळा बुडवली आणि सकाळच्या बसने निघालो. खरांगणा गेलं, आंजी गेली, पन्नासच्या वर किलोमीटर झाले. खुर्चीत बसवल्यावर तिथल्या ताईंनी बारीक पकड तोंडात घातली, कट् असा आवाज झाला आणि ताई म्हणाल्या, "झालं." दोन मिनिटंही लागली नाहीत. परतीच्या बससाठी आम्ही स्टँडवर पाऊण तास बसलो.

तार टोचली ही माझी तक्रार नाही. तार टोचणारच. दात सरकून मधल्या फटी मिटू लागल्या की तेवढी तार मागे उरते आणि शेवटच्या दाढेवरच्या नळीतून बाहेर डोकावते. उपचार पुढे सरकतो आहे याचीच ती खूण. माझी तक्रार अशी की हे मला त्या दिवशी, मुलीच्या तोंडात पकड असताना कळलं. पहिल्याच भेटीत कुणी सांगितलं असतं की असं होतं, चार-पाच वेळा तरी होईल, घरी मेणाची डबी ठेवा, हरभऱ्याएवढं मेण बोटांत मळून त्या टोकावर दाबा आणि सवडीने या, तर तिचा सण रडत गेला नसता. मेण कुठे मिळतं हेही कुणी सांगितलं नव्हतं. मी औषधाच्या दुकानात दाताच्या तारेचं मेण मागितलं तेव्हा दुकानदाराने मेणबत्त्यांचं पाकीट पुढे केलं. त्याचाही दोष नाही. त्याच्याकडे ते कधी कुणी मागितलंच नव्हतं.

अशा नोंदींची माझ्या वहीत आता चार पानं झाली आहेत. तीन वर्षांत आमच्या घरातल्या दोन तोंडांत तारा बसल्या. एक तोंड तेरा वर्षांचं, दुसरं बेचाळीस वर्षांचं, म्हणजे माझं. खर्च किती, महिने किती, हे सगळे सांगतात. त्या महिन्यांत घरात रोज काय काय होतं, ते कुणी सांगत नाही.

वहीतली पहिली नोंद तारांच्या कितीतरी आधीची आहे. मुलगी सात-आठ वर्षांची असताना तिचे वरचे पटाशीचे दात पुढे येऊ लागले आणि हनुवटी मागे राहिल्यासारखी दिसू लागली. ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं, "सगळे पक्के दात येऊ द्या, मग पाहू." घरच्यांनी सांगितलं, शेजारच्या काकूंनी सांगितलं, एका दंतवैद्यांनीही सांगितलं. मी ते ऐकलं. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत करून घ्या म्हणते, हे मला कळलं तेव्हा मुलगी तेराची झाली होती.

सातवं वर्ष का, तेही नीट समजण्यासारखं आहे. सहाव्या वर्षाच्या आसपास पहिली पक्की दाढ येते, पुढचे काही पक्के दात आलेले असतात, आणि वरचा जबडा खालच्यावर कसा बसणार हे जाणत्या डोळ्याला तेव्हाच दिसू लागतं. त्या वयात सगळ्यांना तारा लावा असं कुणीच म्हणत नाही. बहुतेक पोरांना "वर्षभराने दाखवा" एवढं सांगून घरी पाठवतात. पण काही गोष्टी तेव्हाच करता येतात. टाळूचे दोन भाग मधल्या रेषेवर अजून घट्ट जुळलेले नसतात, म्हणून टाळूला बसवलेल्या यंत्राचा स्क्रू किल्लीने रोज थोडा थोडा फिरवून अरुंद टाळू रुंद करता येते. वरचा जबडा मागे असेल तर आठव्या-नवव्या वर्षी चेहऱ्यावर बाहेरून लावायच्या साधनाने तो पुढे ओढता येतो. खालचा जबडा मागे असेल तर वाढीच्या भरात ट्विन ब्लॉक लावतात. वर एक, खाली एक अशा दोन प्लेटा. तोंड मिटलं की खालचा जबडा पुढे येऊनच मिटावा अशी त्यांची उतरती रचना असते. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी 1977 मध्ये ती बनवली. मुलींमध्ये वाढीचा हा भर मुलांच्या साधारण दोन वर्षं आधी येतो आणि आधीच ओसरतो. आम्ही गेलो तेव्हा मुलीची पाळी सुरू होऊन वर्ष उलटलं होतं. डॉक्टरांनी एक्स-रेवर तिच्या मानेचे मणके दाखवले आणि मणक्यांच्या आकारावरून सांगितलं की ते दिवस आता जवळजवळ गेले. बाजूने काढलेला हा चेहऱ्याचा एक्स-रे 1931 पासून वापरात आहे. त्याच्या एका फिल्मने मला जे सांगितलं ते पाच वर्षं आधी कुणीतरी नुसतं पाहून सांगू शकलं असतं, ही बोच माझ्या मनातून जात नाही.

लवकर उपचार केले की सगळंच चांगलं होतं असंही नाही, आणि ते लपवणं बरोबर नाही. पुढे आलेल्या वरच्या दातांवर लहान वयात केलेले उपचार आणि किशोरवयात केलेले उपचार यांची तुलना कॉक्रेनच्या आढाव्यात झाली आहे. शेवटी दातांची ठेवण जवळजवळ सारखीच निघाली. ठळक फरक एकच होता. लहानपणी उपचार झालेल्या मुलांचे पुढचे दात मार लागून तुटण्याचं प्रमाण कमी होतं. मला हा फरक लहान वाटत नाही. मी शिकवते त्या शाळेत हापशीच्या दांड्यावर आपटून दात तुटलेली तीन पोरं मी पाहिली आहेत, आणि तिघांचेही दात पुढे होते.

"दुधाचाच दात आहे, पडणारच आहे" हे दुसरं वाक्य. दुधाची मागची दाढ दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत टिकायची असते. ती आठव्या वर्षी किडून काढावी लागली की तिच्यामागची पक्की दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या उपदाढेची जागा बळकावते. जागा राखायला तारेची एक छोटी कडी बसवतात, तिला स्पेस मेंटेनर म्हणतात. पालकसभेत मी हे चित्र काढून सांगते. अर्धे पालक ऐकतात, तेवढ्यानेही काम होतं.

शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. 2013 मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात तीस दोष-आजारांची यादी आहे. फाटलेला ओठ आणि टाळू तिच्यात आहे, दातांची कीड आहे. पथकातले डॉक्टर मन लावून तपासतात, हे मी दरवर्षी पाहते. तोंड उघडून कीड पाहायचीच असते, त्याच वेळी "आता दात मिट" म्हणून जबड्यांची बैठक पाहायला दहा सेकंद लागतील. यादीत ती एक ओळ यावी, एवढंच मला म्हणायचं आहे.

जायचं कुठे, हेही सांगणारं कुणी भेटत नाही. आपल्या जिल्ह्यात सावंगी मेघे इथे शरद पवार दंत महाविद्यालय आहे, तिथे या विषयाचं पदव्युत्तर शिक्षण चालतं. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. शिकवणाऱ्या रुग्णालयात पैसे कमी आणि फेऱ्या जास्त लागतात, असा साधारण हिशेब असतो. ज्याच्याकडे जे आहे ते त्याने द्यावं. आणि पाटी वाचावी. बी.डी.एस. इंटर्नशिप धरून पाच वर्षांचं, त्यानंतर याच विषयात एम.डी.एस. तीन वर्षांचं. तारा आवळून द्यायची तयारी पुष्कळ जण दाखवतात. वाढत्या जबड्याचा हिशेब मांडायला ती वरची तीन वर्षं लागतात.

ट्विन ब्लॉकचे दिवस गेलेले, तेव्हा मुलीसाठी ठरलं ते असं: वरच्या दोन उपदाढा काढायच्या आणि त्या जागेत पुढचे दात मागे घ्यायचे. हे घरी सांगितल्यावर सासूबाईंनी हातातलं काम खाली ठेवलं.

"चांगले दात काहून काढता वं? किडले का ते?"

"नाही आई. जागा करायला."

"जागा करायले घर थोडीच हाय ते! तोंड हाय पोरीचं."

त्या रात्री मला त्यांचा राग आला होता. पुढे वाचलं तेव्हा कळलं की सासूबाईंचा प्रश्न या शास्त्रातला सगळ्यात जुना प्रश्न आहे. दातांच्या बैठकीचे तीन वर्ग अमेरिकेच्या एडवर्ड अँगल यांनी 1899 मध्ये पाडले, मुलीच्या फाइलवर आजही त्यांचंच "क्लास टू" लिहिलं आहे. हेच अँगल निरोगी दात काढायच्या कडक विरोधात होते. त्यांचाच शिष्य चार्ल्स ट्वीड. दात न काढता नीट केलेल्या आपल्या रुग्णांची ठेवण पुन्हा बिघडताना त्याने पाहिली, त्यांना परत बोलावलं, उपदाढा काढून नव्याने उपचार केले आणि दोन्ही निकाल शेजारी ठेवून लोकांना दाखवले. वाद अजून मिटलेला नाही. प्रत्येक तोंडाचा निर्णय वेगळा. तेव्हा जो कुणी उपदाढा काढायला सांगतो त्याने घरातल्या म्हातारीला पटेल असं कारण द्यावं, ही मागणी रास्त आहे. आमच्या डॉक्टरांनी मागितल्यावर दिलं, साच्यावर दात मोजून, जागा किती कमी पडते ते पट्टीने दाखवून. मागावं लागलं, एवढंच.

इतके महिने का लागतात, हेही असंच मागून मिळालेलं. दात हाडात थेट रुतलेला नसतो. मध्ये पाव मिलिमीटर जाडीचं तंतूंचं अस्तर असतं. तार ज्या बाजूला ढकलते तिकडे हाड विरघळतं, सोडलेल्या बाजूला नवं हाड भरतं. हे काम महिन्याला साधारण एक मिलिमीटर एवढंच होतं. जास्त आवळून ते लवकर होत नाही, उलट दाताच्या मुळाला इजा होऊ शकते. हे कळल्यापासून मुलीने "या वेळी जास्त टाईट करा ना" म्हणणं सोडलं.

आता खाण्याकडे येते. माझ्या वहीतलं हे सर्वांत मोठं पान आहे.

तारा बसल्या त्या दिवशी आम्हाला पथ्याचा एक कागद मिळाला. झेरॉक्सची झेरॉक्स असावी, अक्षरं फिकट होती. त्यात लिहिलं होतं: पॉपकॉर्न, पिझ्झ्याची कड, बर्फाचे तुकडे, च्युइंगम, कॅरॅमल टाळा. आमच्या घरात वर्षातून एकदा पिझ्झा येतो. कॅरॅमल म्हणजे काय ते सासूबाईंना मला समजावून सांगावं लागलं. आमच्या घरात येतात भुईमुगाच्या शेंगा, फुटाणे, ऊस, बोरं, मक्याची कणसं, खारोड्या, ज्वारीच्या भाकरीचा करकरीत पापुद्रा, आणि हिवाळ्यात शेतातला हुरडा. यातल्या एकाचंही नाव त्या कागदावर नव्हतं. मुलीने कागद प्रामाणिकपणे पाळला, आणि दुसऱ्याच आठवड्यात फुटाणे खाताना खालचा ब्रॅकेट सुटला. ब्रॅकेट म्हणजे तार धरणारी ती दातावरची टिकली. दाताचा पृष्ठभाग आम्लाने किंचित खरखरीत करून ती चिकटवतात. 1955 मध्ये मायकल ब्युओनोकोर यांनी ही युक्ती दाखवली, त्याआधी प्रत्येक दाताभोवती धातूचं कडं घालावं लागे. चिकटवलेली टिकली सोसायला हलकी, पण फुटाण्यापुढे टिकत नाही. एक टिकली सुटली की तो दात थांबतो, बाकीचे पुढे जातात, आणि महिनाभराचं काम मागे येतं. पुन्हा वर्धा, पुन्हा रजा. एस.टी.त 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून आम्हा दोघींचं निभावलं.

मी तो कागद घरी पुन्हा लिहून काढला. पेरू फोडी करून, बी काढून. कणीस दाणे सोलून, वाफवून. भाकरी वरणात कुस्करून. शेंगा भाजून नव्हे, उकडून, आणि त्याही सावकाश. हुरडा कोवळा असेल तर चालतो, पण कणसांचं कूस तारेत अडकून बसतं आणि बारीक ब्रशशिवाय निघत नाही. ऊस बंद. गोरसपाकाचं मुलीला फार वाईट वाटलं. तिचे आजोबा वर्धेला गेले की गोरस भांडारातून तो आणल्याशिवाय परतत नाहीत. गाईच्या तुपातला, खुसखुशीत, पण पुढच्या दातांनी कडकन तोडूनच खायचा पदार्थ. तो दुधात मिनिटभर बुडवून चमच्याने खाता येतो, एवढं साधं उत्तर सापडायला आम्हाला चार महिने लागले, आणि चार महिने आजोबा रिकाम्या हातांनी घरी येत होते.

हळदीचं मला स्वतःलाच भोगावं लागलं. माझे खालचे पुढचे दात तिशीनंतर एकमेकांवर चढत गेले होते, मध्ये अन्न अडकून हिरड्या सुजत. मुलीच्या उपचाराला वर्ष झालं तेव्हा मी डॉक्टरांना माझं तोंड दाखवलं. मोठ्या वयात दात हलतात का, हा माझा पहिला प्रश्न होता. हलतात. हिरड्या आणि हाड निरोगी असतील तर वयाची अट नाही, फक्त आधी हिरड्यांचा आजार आटोक्यात आणावा लागतो. हलत नाही तो जबडा. मोठ्या माणसाचा जबडाच मागे-पुढे असेल तर दात सरकवून ते थोडं झाकून नेता येतं, नाहीतर शस्त्रक्रिया. मला एवढं काही नको होतं. रोज वर्गात पोरांसमोर उभी राहते म्हणून मी दाताच्या रंगाच्या सिरॅमिक टिकल्या घेतल्या, त्यांना तार बांधून ठेवणारे पारदर्शक रबराचे वेढे घेतले, आणि जास्तीचे पैसे दिले. घरी येऊन पिठलं-भात जेवले. संध्याकाळपर्यंत सगळे वेढे पिवळे झाले होते.

आपला जिल्हा हळदीचा. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते तिच्या रंगाच्या आणि गुणाच्या जोरावर. ती आमच्या घरात बारा महिने असते. ज्या जिल्ह्यात वरण, भाजी, पिठलं, सगळ्यात ती पडते, तिथे बाईला पारदर्शक वेढे देताना एक वाक्य सांगायला काय हरकत होती? सिरॅमिक टिकली डागत नाही, रबर डागतं. राखाडी वेढे घ्या, ते पिवळे दिसत नाहीत. पुढच्या महिन्यात मी राखाडी घेतले. तो एक महिना मी तोंडावर पदर धरून शिकवलं, आणि पोरांना वाटलं बाईंची दाढ दुखते.

अलाइनर का घेतले नाहीत, असं बऱ्याच जणी विचारतात. पारदर्शक प्लास्टिकच्या काढता-घालता येणाऱ्या साच्यांची ही पद्धत कॅलिफोर्नियातल्या अलाइन टेक्नॉलॉजीने 1997 नंतर बाजारात आणली. एकामागून एक साचे, एकेक एक-दोन आठवडे, प्रत्येकाने दात पाव मिलिमीटरच्या आसपास सरकवायचे. खाताना काढता येतात, म्हणजे फुटाणे आणि हळद दोन्ही चालतात. पण दिवसाचे वीस-बावीस तास तोंडात हवेत. मी दिवसभरात चार वेळा चहा घेते, दोनदा जेवते, आणि शाळेत साचे धुवायला नळ पटांगणाच्या टोकाला. मला ते जमलं नसतं, हे मी आधीच ओळखलं. काहींना छान जमतात. फक्त घरपोच साचे मागवून, डॉक्टरला तोंड न दाखवता दात सरळ करायच्या फंदात कुणी पडू नये. अमेरिकेत असा धंदा मोठा केलेली स्माइलडायरेक्टक्लब नावाची कंपनी डिसेंबर 2023 मध्ये बंद पडली, आणि ज्यांचे दात अर्ध्या वाटेवर होते ते अर्ध्या वाटेवरच राहिले.

नातेवाइकांविषयी थोडंच लिहिते. "पोरीच्या जातीले दात सरळ पाहिजेच. उद्या स्थळं येतीन." हे मला इतक्या जणांनी, इतक्या प्रेमाने सांगितलं की उत्तर देणं अवघड होतं. पण माझ्या मुलीला पुढच्या दातांनी पोळीचा तुकडा तोडता येत नव्हता. तिचा खालचा दात वरच्या हिरडीला टाळूच्या बाजूने लागून जखम होत होती. तिच्या चुलतभावाच्या दातांतही तारा आहेत, त्याला स्थळाविषयी कुणी अजून काही म्हणालेलं नाही. मुलगी हे सगळं ऐकत असते, आणि घरी आल्यावर आरशासमोर उभी राहते. ते बंद व्हावं.

काही नोंदी बारीक आहेत. नव्या तारेनंतरचे दोन-तीन दिवस दात दुखतात. सुरुवातीच्या निकेल-टायटॅनियमच्या तारा तोंडाच्या उष्णतेने ताठ होतात, गार पाण्याने थोड्या सैलावतात, म्हणून मे महिन्यात माठाचं पाणी तोंडात धरून ठेवल्याने मुलीला खरंच बरं वाटायचं. वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत लावायच्या रबरांची पाकिटं असतात, पाकिटावर प्राण्याचं चित्र आणि प्राण्यावरून रबराचं माप. आम्हाला कोल्हा होता. कोल्हा संपला तेव्हा एकदा ससा मिळाला, मुलीने तो लावला, आणि पुढच्या भेटीत कळलं की माप चुकलं. पाकिटं तीन जास्तीची मागून घ्यावीत.

मग तारा निघाल्या. मुलीला तेव्हा पंधरा पूर्ण झाली होती. दात गुळगुळीत लागतात म्हणून ती दिवसभर जिभेने चाचपत राहिली. आजोबांनी त्याच संध्याकाळी गोरसपाक आणला आणि तिने तो कडकन तोडून खाल्ला. सगळ्यांनी म्हटलं, झालं एकदाचं. मीही म्हटलं.

तारा निघाल्या त्या दिवशी तिला रिटेनर दिला होता, पारदर्शक, दातांच्या मापाचा. चार्ल्स हॉली यांनी 1919 मध्ये बनवलेला तारेचा रिटेनरही अजून चालतो, पण मुलीला हा आवडला. सुरुवातीचे महिने दिवसरात्र, फक्त जेवताना काढायचा. सरकलेल्या दातांभोवतीचे तंतू ताणलेल्या रबरासारखे असतात, दाताला जुन्या जागी ओढत राहतात, आणि नवं हाड पक्कं व्हायला वेळ लागतो. हे सांगितलं होतं. काढल्यावर तो ठेवायचा कुठे, हे सांगितलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी हिंगणघाटला माझ्या मामेभावाच्या मुलीचं लग्न होतं. पंगतीत बसताना मुलीने रिटेनर काढला, कागदी रुमालात गुंडाळला आणि पत्रावळीच्या कडेला ठेवला. पंगत उठली, वाढपी पोरांनी पत्रावळी गोळा केल्या. तिला आठवलं तोवर मांडवामागे उष्ट्याचा ढीग लागला होता. नवरीची पाठवणी चालू असताना आम्ही तिघी, मी, मुलगी आणि माझी बहीण, लग्नाच्या साड्या खोचून त्या ढिगात हात घालत होतो. पारदर्शक वस्तू उष्ट्या कढीत कशी दिसणार? सापडला नाही. नवा होईपर्यंत आठ दिवस गेले, आणि तेवढ्यात पुढच्या दोन दातांत बारीक फट दिसू लागली. नवा रिटेनर बसवताना ती रडली.

दुसरा उन्हाळ्यात गेला. धुऊन खिडकीत ठेवला होता. आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा जातो, खिडकीचा लोखंडी गज हाताला चटका देतो. दुपारी तो उचलला तेव्हा त्याचा आकार बदललेला होता. गरम पाण्यात, उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायचा नाही. वही उघडून मी तेही लिहिलं.

तिसऱ्याच्या वेळी मी डॉक्टरांना विचारलं, हा किती दिवस घालायचा.

"दिवसा अजून काही महिने. रात्री मात्र," ते जरा थांबले, "जितकी वर्षं दात असे राहायला हवेत तितकी."

"म्हणजे जन्मभर?"

"तसंच म्हणा."

माझ्या तोंडात त्या वेळी चौदा महिन्यांच्या तारा होत्या. मी म्हटलं, "डॉक्टर, हे तुम्ही आम्हाला पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?"

ते शांतपणे म्हणाले, "बाई, पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर तुम्ही तारा लावल्या असत्या का?"

हो. लावल्या असत्या. आणि रिटेनरची डबी त्याच दिवशी विकत घेतली असती.